'सबळ की दुर्बळ?': तर्कातली खोट शोधायला लावणाऱ्या प्रश्नांची पार्श्वभूमी

बँक पीओची तयारी करणाऱ्या कुणालाही 'विधान-गृहीतक', 'विधान-निष्कर्ष', 'युक्तिवाद सबळ की दुर्बळ' हे प्रकार नवे नाहीत. क्लासमध्ये ते रीझनिंगच्या वहीत बैठकव्यवस्था आणि नातेसंबंधांच्या शेजारी येतात, म्हणून सगळे एकाच घरातले वाटतात. तसे ते नाहीत.

१९२५ साली न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात गुडविन वॉटसन यांनी निःपक्षपातीपणा मोजण्याची चाचणी मांडली. धर्म आणि अर्थकारणातल्या वादांवर दोन्ही बाजूंचे युक्तिवाद द्यायचे आणि प्रत्येक सबळ की दुर्बळ ते विचारायचं, असा तिचा एक भाग होता. आपल्या मताविरुद्धचा प्रत्येक मुद्दा ज्याला दुर्बळ वाटतो, त्याचा पूर्वग्रह त्यातून पकडायचा होता. पुढे एडवर्ड ग्लेसर यांनी १९४१ मध्ये तिथूनच चिकित्सक विचारावरचा प्रयोग प्रसिद्ध केला आणि दोघांच्या नावाची चाचणी रूढ झाली. तिचे भाग असे: अनुमान, गृहीतक ओळखणं, निगमन, अन्वयार्थ, युक्तिवादाचं मूल्यमापन. आपल्या गाईडांची अनुक्रमणिका शेजारी ठेवा, नातं लगेच दिसेल.

या प्रकाराची दुखरी जागाही तिथलीच. 'प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घालावी का? नाही, अनेकांचा रोजगार जाईल.' हा मुद्दा सबळ की दुर्बळ? दोन गाईडं दोन उत्तरं देऊ शकतात, कारण इथे तर्काइतकंच मतही तपासलं जातं.

अमेरिकेतल्या कायदा प्रवेशाच्या एलसॅटने वेगळी वाट धरली. ही परीक्षा १९४८ पासून होते. तिच्या तार्किक विभागातले 'फ्लॉ' प्रश्न युक्तिवाद सदोष आहे हे आधीच सांगून टाकतात. दोष नेमका कोणता, एवढंच शोधायचं. नमुना म्हणून: 'यादीत आलेल्या सगळ्यांनी टेस्ट सिरीज लावली होती. मीही लावली आहे, म्हणजे माझं नाव येणारच.' टेस्ट सिरीज चांगली की वाईट, हा प्रश्नच इथे उद्भवत नाही. आवश्यक अट पुरेशी मानली, बस. मला हा प्रकार जास्त प्रामाणिक वाटतो. ऑगस्ट २०२४ पासून एलसॅटमधली तर्ककोडी गेली आणि गुण धरल्या जाणाऱ्या तीन विभागांपैकी दोन तार्किक युक्तिवादाचे झाले, म्हणजे अशा प्रश्नांचं वजन वाढलं.

आवश्यक अट पुरेशी मानण्याची ही चूक आपल्या नैयायिकांनाही, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनाही, चांगली ठाऊक होती. धूर दिसला की अग्नी आहे म्हणता येतं. अग्नी आहे म्हणून धूर असेलच, असं नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. न्यायसूत्रांत हेत्वाभासांचे (खऱ्या कारणासारख्या दिसणाऱ्या खोट्या कारणांचे) पाच प्रकार आहेत, शिवाय २४ जाती (फसवे प्रतिवाद) आणि २२ निग्रहस्थानं (वादात हार ठरवणाऱ्या जागा). ॲरिस्टॉटलने १३ तर्कदोष नोंदवले. पण हे सगळं वादसभेसाठी होतं, समोर बोलणारा प्रतिपक्ष गृहीत धरून. चार पर्यायांच्या उत्तरपत्रिकेत तो प्रतिपक्ष नसतो.

यूपीएससीने २०११ मध्ये पूर्वपरीक्षेत सीसॅट हा आकलन आणि तर्क तपासणारा पेपर आणला, एमपीएससीने २०१३ मध्ये. २०१४ च्या आंदोलनांनंतर, २०१५ पासून यूपीएससीचा हा पेपर ३३ टक्क्यांवर फक्त पात्रतेपुरता उरला. पुढे एमपीएससीनेही तेच केलं. उताऱ्यावरून लेखकाचं गृहीतक ओळखायला लावणारे प्रश्न मात्र सीसॅटमध्ये अजून येतात, आणि त्यांच्या उत्तरांवरून वादही होतात.