च्युइंगगममधले ग्लिसरीन आले कुठून?

‘कोशर’ म्हणजे रब्बीने, ज्यू धर्मगुरूने, मंत्र म्हणून शुद्ध केलेले अन्न, असा समज शिकल्यासवरल्या लोकांतही आढळतो. तसे काही नसते. ज्यूंच्या आहारनियमांत, म्हणजे कश्रुतमध्ये, मुख्यतः पाहतात ते पदार्थ कशाचा बनला आणि कोणत्या भांड्यात बनला. च्युइंगगमपाशी ही तपासणी फार खोल जाते.

गमचा चघळायचा भाग म्हणजे गम बेस. पूर्वी तो मेक्सिको-ग्वाटेमालातल्या चिकूच्या झाडांच्या चिकापासून होई. आपल्या घोलवडचा चिकू त्याच जातीचा. आज बहुतेक ठिकाणी पॉलिआयसोब्युटिलीन, पॉलिव्हिनाइल ॲसिटेट अशी खनिज तेलापासूनची बहुवारिके वापरतात. साखरेच्या गममध्ये बेस 20 ते 30 टक्के, पिठीसाखर 50 ते 60 टक्के, उरलेले बहुतेक ग्लुकोज सिरप, आणि ग्लिसरीन जेमतेम एक टक्का. ते कमी पडले तर गम पाकिटातच कडक होऊन तुटतो; जास्त झाले तर ओलावा ओढून कागदाला चिकटतो.

खरी मेख या एका टक्क्यात आहे. तेल असो की चरबी, तिच्या रेणूत ग्लिसरीनच्या कण्याला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. उंच स्तंभात सुमारे 250 अंश सेल्सिअस आणि 50 वातावरण दाबाखाली तेल खालून, पाणी वरून सोडतात. तिन्ही जोड सुटतात, प्रत्येकापायी पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो. मेदाम्ले वर चढतात, ग्लिसरीन पाण्याबरोबर खाली उतरते. बाष्पीभवन आणि निर्वात ऊर्ध्वपातन केले की 99.5 टक्के शुद्ध माल मिळतो, 100 किलो तेलामागे साधारण 10 किलो. आत पामतेल घातले काय, बैलाची चरबी (रीतसर कापलेल्या जनावराची नसेल तर निषिद्ध) घातली काय, रेणू तोच: तीन कार्बन, आठ हायड्रोजन, तीन ऑक्सिजन. तेलाची ओळख मेदाम्लांच्या प्रमाणावरून पटते आणि मेदाम्ले तर केव्हाच वेगळी झाली. म्हणून परीक्षकाला, म्हणजे मशगियाखला, माग काढत मूळ तेलाच्या टाकीपर्यंत जावे लागते. कोकणात तेलाचा धंदा करणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएलांना, आपल्या शनवार तेल्यांना, हा प्रश्नच नव्हता. बी त्यांच्या डोळ्यांदेखत घाण्यात पडे.

एक टक्क्याने काय बिघडते? निषिद्ध पदार्थ चुकून पडला आणि साठपट मालात विरला, तर माल चालतो. 1/60 म्हणजे 1.67 टक्के, ग्लिसरीन त्याच्या आतच. पण ही सूट चुकीला आहे. पाककृतीतच मोजून घातलेल्या पदार्थाला प्रमाणन संस्था ती देत नाहीत.

पुढे भांडी. हात चटकन मागे घ्यावा इतक्या तापमानाला, साधारण 45 अंशांपासून, भांडे पदार्थाची चव शोषते असे धरतात. गम कालवतात 50 ते 60 अंशांना, म्हणजे मिक्सर तपासणीत आला. थंड द्रवही 24 तास साठला तर शिजवल्यासारखाच मानतात, म्हणून टँकरही आला: आधीच्या फेऱ्यांची नोंद, धुतल्याचा दाखला, सील. भांडे पुन्हा कोशर करायचे तर स्वच्छ करून 24 तास रिकामे ठेवायचे, मग त्यात पाणी उकळून काठावरून ओसंडू द्यायचे. पण पात्यांच्या सांध्यांत बसलेला जुना बेस पाण्याला दाद देत नाही, तो आधी खरवडून काढावा लागतो.

वाफेचे प्रकरण याहून अवघड. निषिद्ध मालाच्या केटलीभोवती, म्हणजे वाफेवर तापणाऱ्या मोठ्या भांड्याभोवती, फिरलेली वाफ पाणी होऊन बॉयलरमध्ये परतते आणि पुन्हा वाफ होऊन कोशर केटलीकडे जाते. धातूतून चव गेली असे मानून ते पाणी टाकून देतात, किंवा वाफ अन्नाला थेट लागत नसेल तर बॉयलरमध्ये कडू द्रव्य घालून ती चवच बिघडवतात. हा हिशोब धर्मशास्त्राचा आहे, रसायनशास्त्राचा नव्हे. कोशर म्हणजे जास्त आरोग्यदायी, ही जाहिरातबाजीही पोकळ; साखर तेवढीच असते.

आपले हिरवे टिंब दुधाला मुभा देते आणि भांड्यांबद्दल काही सांगत नाही. कोशरमध्ये दूध आणि मांस एकत्र चालत नाही, म्हणून दुधाची वेगळी खूण लागते. दातांसाठी म्हणून काही गममध्ये केसिनपासूनचे, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासूनचे, पेप्टाइड घालतात. तसा गम मांसाच्या जेवणानंतर लगेच चालत नाही. आंबवलेले धान्य वर्ज्य असणाऱ्या पेसाहच्या सणात तर बिनसाखरी गमही अडतो: साखरेऐवजी घातलेले सॉर्बिटॉल गव्हाच्या स्टार्चचे असेल तर सगळ्यांनाच वर्ज्य, मक्याचे असेल तर अश्केनाझी, म्हणजे मूळचे मध्य आणि पूर्व युरोपातले, ज्यू टाळतात.