उत्पत्तीचा वृत्तांत आणि उत्क्रांतिवाद : ख्रिस्ती दृष्टिकोन

सृष्टी देवाने निर्माण केली हा ख्रिस्ती श्रद्धेचा पाया आहे. मात्र ती कशी व किती काळात निर्माण झाली, आणि बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातला वृत्तांत कोणत्या अर्थाने वाचायचा, यांविषयी ख्रिस्ती मंडळींत पहिल्या काही शतकांपासूनच एकमत नाही. उपासनेत म्हटला जाणारा प्रेषितांचा मतांगीकार देवाला आकाश व पृथ्वी यांचा उत्पन्नकर्ता म्हणतो. दिवसांची संख्या किंवा पृथ्वीचे वय त्यात येत नाही. उत्क्रांतीवरून होणारा वाद वरवर पाहता जीवाश्मांचा आणि पुराव्यांचा वाटत असला, तरी त्याचे मूळ बव्हंशी वाचनाच्या पद्धतीत आहे. विदर्भाच्या संदर्भात हे अधिक स्पष्ट दिसते, कारण येथील जीवाश्म शास्त्रोक्त पद्धतीने गोळा करणाऱ्या पहिल्या अभ्यासकांत एक मिशनरी होता.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सृष्टीचे काम सहा दिवसांत विभागले आहे. पहिल्या दिवशी प्रकाश, तिसऱ्या दिवशी वनस्पती, चौथ्या दिवशी सूर्य, चंद्र व तारे, पाचव्या दिवशी जलचर व पक्षी, आणि सहाव्या दिवशी भूचर प्राणी व शेवटी मनुष्य, तोही नर व नारी मिळून एकदमच, असा तो क्रम आहे. दुसऱ्या अध्यायात हा क्रम बदलतो: शेतात अजून झुडूपही उगवलेले नसताना देव मातीपासून पुरुष घडवतो, नंतर बाग लावतो, मग पशुपक्षी आणि सर्वांत शेवटी स्त्री. मूळ हिब्रू भाषेत मनुष्याला ‘आदाम’ आणि जमिनीला ‘अदामा’ म्हणतात. ही शब्दांची जवळीक मराठी भाषांतरात हरवते. कल्पना मात्र इकडच्या श्रोत्याला परकी वाटत नाही, कारण मेळघाटातील कोरकूंच्या परंपरागत कथेतही महादेव वारुळाच्या तांबड्या मातीचे पहिले स्त्री-पुरुष घडवतो. ‘दिवस’ या अर्थाचा हिब्रू शब्द ‘योम’ हाही सरळ नाही. तो सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेसाठी, पूर्ण अहोरात्रासाठी आणि कधी लांब कालखंडासाठीही येतो.

सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला, तर आधीचे तीन दिवस कशाने मोजले, हा प्रश्न विज्ञानयुगाने उपस्थित केलेला नाही. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती विचारवंत ओरिजेनने तो विचारला होता. बिशप ऑगस्टीनने (३५४–४३०) सृष्टी एका क्षणात, पुढे उमलत जाणाऱ्या बीजांसह निर्माण झाली असे मानले, आणि आकाश-पृथ्वीविषयी अविश्वासी माणसालाही जे अनुभवाने ठाऊक आहे त्याबाबत ख्रिस्ती माणसाने पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, नावाने भलतेसलते बोलू नये, अशी ताकीद दिली. दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे. चौथ्या शतकातल्या बिशप बेसिलने आणि सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने दिवस म्हणजे साधे दिवसच मानले. आयर्लंडमधील आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये बायबलमधल्या वंशावळींची बेरीज करून सृष्टीचा आरंभ इ. स. पू. ४००४ मध्ये ठरवला, आणि अठराव्या शतकारंभापासून हे साल इंग्रजी बायबलच्या समासात छापले जाऊ लागले. समासातला आकडा आणि मजकूर यांतला भेद पुढच्या वाचकांना नेहमीच जाणवला असे नाही.

धर्मसुधारक जॉन कॅल्विनने १५५४ च्या आपल्या उत्पत्तीवरील भाष्यात काढलेली वाट वेगळी आहे. शनी चंद्रापेक्षा मोठा असल्याचे खगोलज्ञ सांगतात, तरी उत्पत्तीचा लेखक मानला जाणारा मोशे चंद्राला मोठी ज्योती म्हणतो, कारण तो डोळ्यांना दिसते तसे, सामान्य माणसासाठी लिहितो. दाई लेकराशी बोबडे बोलते तसा देव माणसाशी बोलतो, असे कॅल्विनचे म्हणणे होते. शेतकरी श्रोत्यांना हे समजावण्यासाठी प्रस्तुत लेखकाच्या मते मोहरीच्या दाण्याइतके चांगले उदाहरण नाही. येशू मोहरीला सर्व बियांमध्ये लहान म्हणतो. राजगिरा किंवा खसखस हातात घेतलेल्या बाईला मोहरी त्यांहून मोठी असते हे सांगावे लागत नाही, आणि तेवढ्यावरून दृष्टांत खोटा ठरला असेही तिला वाटत नाही. तिच्या दृष्टीने तो बोलीतला दाखला असतो, बियाण्याच्या मापाचा तक्ता नव्हे.

स्टीफन हिस्लॉप (१८१७–१८६३) हे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ पासून नागपुरात होते. आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर परिसरातील खडक व जीवाश्म यांचा अभ्यास केला, आणि तो १८५५ मध्ये, म्हणजे डार्विनच्या उत्क्रांतीवरील ग्रंथाच्या चार वर्षे आधी, लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नागपूरच्या दक्षिणेकडील मांगली येथून मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीला त्याच वर्षी रिचर्ड ओवेन यांनी ‘ब्रॅकिऑप्स’ हे नाव दिले. हिस्लॉप यांचे अधिक मोलाचे काम नागपुरातील टाकळी आणि सिताबर्डी परिसरातले होते. तेथे काळ्या पाषाणाच्या, म्हणजे लाव्हाच्या, दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातील शंखशिंपले आणि वनस्पतींचे अवशेष असलेला मातकट खडक सापडतो. याचा अर्थ असा की एक लाव्हा थंड झाला, त्यावर तळी साचली, तळ्यांत गोगलगायी वाढल्या, काठाला झाडे उगवली, आणि मग पुढचा लाव्हा आला. हे एकदा झालेले नाही. आज या थरांचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे मानले जाते. ज्या काळ्या रानात विदर्भाची पऱ्हाटी उभी राहते, ते रान याच पाषाणाच्या झिजेतून बनले आहे.

हिस्लॉप यांच्या चर्चला पृथ्वी जुनी असण्याचे वावडे नव्हते. त्या चर्चचे पहिले मॉडरेटर, म्हणजे सभाध्यक्ष, थॉमस चामर्स यांनी १८१४ मध्येच उत्पत्तीच्या पहिल्या व दुसऱ्या वचनांच्या मध्ये अगणित काळाची पोकळी मानावी, असे सुचवले होते, तर त्याच चर्चमधील ह्यू मिलर यांनी प्रत्येक दिवस हा भूवैज्ञानिक युग समजावा असे प्रतिपादन केले. या दोन्ही तोडग्यांत ओढाताण आहेच; तरी त्यांच्यामागे दगडांची साक्ष नाकारायची नाही हा निश्चय होता. टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहून परतताना सप्टेंबर १८६३ मध्ये हिस्लॉप बोरीजवळच्या पूर आलेल्या नाल्यात बुडाले. नागपुरातील हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये त्यांच्या नावाने सुरू झाले.

डार्विनच्या ग्रंथावर ख्रिस्ती जगाची प्रतिक्रिया एकसुरी नव्हती. अँग्लिकन पाळक चार्ल्स किंग्ज्ली यांनी त्याचे स्वागत केले, अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांनी श्रद्धा न सोडता त्याचा पुरस्कार केला, आणि प्रिन्स्टनचे चार्ल्स हॉज यांनी १८७४ मध्ये त्याला नास्तिकता ठरवले. शाळेत उत्क्रांती शिकवण्यावरून टेनेसीत झालेल्या १९२५ च्या प्रसिद्ध खटल्यात बायबलच्या बाजूने उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनीही साक्षीत सृष्टीचे दिवस चोवीस तासांचेच होते असा आग्रह धरला नाही. पृथ्वी काही हजार वर्षांची आहे आणि सर्व थर नोहाच्या जलप्रलयात साचले, हे मत विसाव्या शतकारंभी मुख्यतः सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथापुरते होते. व्हिटकॉम्ब आणि मॉरिस यांच्या १९६१ मधील पुस्तकानंतर ते इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलच्या अधिकारावर विशेष भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट, वर्तुळांत पसरले. म्हणून आज जे मत ‘जुने व मूळचे’ म्हणून मांडले जाते, त्याची सध्याची मांडणी हिस्लॉप यांच्या शंखशिंपल्यांपेक्षा शंभर वर्षांनी अलीकडची आहे. वणी-चंद्रपूर पट्ट्यातील दगडी कोळसा एका वर्षाच्या पुरात तयार झाला असे या मताप्रमाणे धरावे लागते, आणि टाकळीच्या तळ्यांचा हिशेब त्यात बसत नाही.

रोमन कॅथलिक चर्चने १९५० च्या परिपत्रकात मानवी देहाच्या उत्क्रांतीची चर्चा मोकळी ठेवली, आत्मा मात्र थेट देवाकडून येतो असे बजावले. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही निव्वळ गृहीतकापलीकडे गेल्याचे म्हटले. विश्वाच्या प्रसरणाचा सिद्धांत मांडणारे जॉर्ज लमेत्र हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते.

विदर्भात नागपूर व अमरावतीचे लॅटिन आणि बल्लारपूरचे सिरो-मलबार धर्मप्रांत कॅथलिक शिकवणीप्रमाणे चालतात. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन बनलेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापनाच २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाली. यवतमाळात १९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी ही पाळक घडवणारी संस्था होती. बायबलच्या विश्वसनीयतेवर भर देणारी इव्हँजेलिकल परंपरा या भागात रुजवण्यात तिचा वाटा आहे. खेड्यांतल्या घरोघरच्या प्रार्थनासभांत उत्पत्तीचा अध्याय बहुधा शब्दशः वाचला जातो, आणि त्याच घरातले दहावीचे मूल ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा शाळेत शिकत असते. भोवतालचा हिंदू समाज ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा सांगत आला असल्याने सहा हजार वर्षांचा आकडाच इथे तोकडा वाटतो. पृथ्वीच्या सुमारे ४५४ कोटी वर्षांच्या वयाशी त्या संख्येची जवळीक केवळ योगायोगाची आहे, आणि तिला पुरावा समजणे ही जलप्रलयवाद्यांच्याच जातीची चूक होय.

‘जात’ या शब्दाने मराठी वाचनात आणखी एक अडचण आणली आहे. पशू व वनस्पती ‘आपापल्या जातीप्रमाणे’ उत्पन्न झाल्या, या वचनातल्या हिब्रू ‘मीन’ शब्दाचा जीवशास्त्रातील प्रजातीशी नेमका मेळ नाही, आणि मराठीत तर हा शब्द गावगाड्याच्या उतरंडीचा वास घेऊन येतो. शब्दशः वाचणाऱ्यांचे म्हणणे असे की जातीच्या आत बदल होतात, जात ओलांडून होत नाहीत. विदर्भात याचे उदाहरण गुलाबी बोंडअळीचे आहे. अळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. विष न पचवणाऱ्या अळ्याही शिल्लक राहाव्यात म्हणून बियाण्यासोबत मिळणारी नॉन-बीटीची वेगळी पुडी अनेकांनी पेरलीच नाही, त्यामुळे विष पचवणाऱ्या मोजक्या अळ्यांचा वंश मोकळेपणी वाढला, आणि २०१७ च्या हंगामात बोंडे फोडली की आत अळी निघू लागली. ही नैसर्गिक निवड आहे हे कोणताही पक्ष नाकारत नाही. ‘अळी शेवटी अळीच राहिली’ असे एक पक्ष म्हणतो, तर पंधरा वर्षांत एवढे होते, मग कोट्यवधी वर्षांत काय होईल, असे दुसरा विचारतो.

खरी कठीण गाठ दिवसांच्या लांबीची नाही. ती आदामाची आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल एका मनुष्यामुळे पाप व पापामुळे मरण आले असे सांगतो आणि त्याला ख्रिस्ताच्या कार्याची जोड देतो. मानवजात एकाच जोडप्यापासून नव्हे, तर हजारोंच्या समूहातून आली आणि मरण माणसाच्या आधीपासून होते, असे आनुवंशिकी व जीवाश्म सांगतात. आदाम हा प्रतिनिधी होता, की समूहातला निवडलेला एक, की प्रत्येक माणसाचे नाव, यावर उत्क्रांती मानणाऱ्या ख्रिस्ती विचारवंतांतही एकवाक्यता नाही, आणि शब्दशः वाचणाऱ्यांचा आक्षेप या एका ठिकाणी खरोखर वजनदार आहे.

सिकलसेल आजारात हा प्रश्न पुस्तकाबाहेर येतो. गडचिरोली, चंद्रपूर व मेळघाटात तो बराच आढळतो. एकच सदोष जनुक असलेल्या वाहकाला हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते, म्हणून निवडीने ते जनुक टिकवले. आई-बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला चारात एक या प्रमाणात आजार होण्याची शक्यता असते, आणि मग हाडे ठणकणाऱ्या लेकराला घेऊन दवाखान्याच्या फेऱ्या सुरू होतात. शब्दशः वाचणारे याला आदामाच्या पतनानंतरची, म्हणजे पाप जगात आल्यानंतरची, विकृती म्हणतात. उत्क्रांती मानणाऱ्यांना ‘चांगले आहे’ असे देवाने म्हटलेल्या सृष्टीत निवडीची ही किंमत कशी बसते ते सांगावे लागते. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. आणि येशू दोघांचेही नाही असे सांगतो. खाटेशेजारी बसलेल्या पाळकाला सहा दिवसांच्या अध्यायापेक्षा हाच उतारा आधी उघडावा लागतो.