बोयाच्या दांडीवरच्या दोन गाठी

पहाटे लॉब्स्टरचे सापळे उचलायला गेलेल्या माणसाला आपल्या बोयाच्या, म्हणजे सापळ्याची जागा दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेच्या, दांडीभोवती दोरीच्या दोन गाठी मारलेल्या दिसतात. बाकी काही बिघडलेलं नाही. दोर शाबूत आहे, सापळ्यातला माल सापळ्यातच आहे. पण गाठी त्याने मारलेल्या नाहीत. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्याच्या किनाऱ्यावर, त्या गाठींचा अर्थ शाळकरी पोरालाही कळतो : तू आमच्या पाण्यात शिरला आहेस, सापळे उचल आणि जा. नाही ऐकलं, तर पुढच्या खेपेला सापळ्याचं दार उघडं सापडतं. तरीही नाही ऐकलं, तर दोर कापलेला असतो आणि सापळा तळाशी गेलेला. कापणारा कोण, हे सगळ्या बंदराला ठाऊक असतं. विचारायला गेलात तर कोणालाच ठाऊक नसतं.

कायद्याच्या पुस्तकात या हद्दी नाहीत. दुसऱ्याचा सापळा कापणं तर सरळ गुन्हा आहे. तरीही समुद्राच्या पाण्यावर या न दिसणाऱ्या कुंपणांचे नकाशे आहेत, आणि ते पहिल्यांदा नीट कागदावर आणले ते एका मानववंशशास्त्रज्ञाने. मेन विद्यापीठातले जेम्स ॲचेसन १९७० च्या दशकापासून लॉब्स्टर पकडणाऱ्यांच्या होड्यांतून फिरू लागले. शास्त्रज्ञ लॉब्स्टर मोजत होते. ॲचेसन लॉब्स्टर पकडणारी माणसं मोजत होते. कोण कोणाचा मेव्हणा, कोण कोणत्या धक्क्यावरून निघतो, कोणाचे सापळे कापले गेले आणि का.

मेन हे अमेरिकेतल्या सर्वांत ग्रामीण राज्यांपैकी एक. लोकसंख्या जेमतेम चौदा लाख, निम्म्याहून जास्त लोक शहराबाहेर राहणारे, आणि जमिनीचा जवळजवळ नव्वद टक्के भाग जंगलाखाली. म्हणजे जंगल आणि समुद्र, या दोन गोष्टींवर पोट. जंगलाच्या जिवावर उभ्या राहिलेल्या कागद गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. समुद्राकडून येणारे सार्डिन मासे डब्यात भरण्याचे कारखानेही गेले. अमेरिकेतला शेवटचा सार्डिन कारखाना २०१० साली बंद झाला, तो मेनमधल्याच प्रॉस्पेक्ट हार्बर गावातला. पुढे त्याच इमारतीत काय सुरू झालं? लॉब्स्टर सोलण्याचं काम. ही इमारत लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

लॉब्स्टर म्हणजे आपली शेवंड, पण नेमकी तीच नव्हे. कोकणातल्या शेवंडीला डेंगे नसतात, लांब काटेरी मिशा असतात. मेनच्या लॉब्स्टरला मात्र चिंबोरीसारखे दोन दांडगे डेंगे असतात, एक चिरडायला आणि एक कातरायला. थंड पाण्यातला हा प्राणी फार सावकाश वाढतो. विकण्याजोगा व्हायला त्याला साधारण सात वर्षं लागतात.

अशा सावकाश वाढणाऱ्या, सगळ्यांच्या मालकीच्या आणि महाग विकल्या जाणाऱ्या जिवाचं काय होतं? १९६८ साली गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने या प्रश्नाचं एक उत्तर दिलं होतं, आणि ते जगभर गाजलं. सामाईक कुरणावर प्रत्येक गुराखी आपली एक गाय वाढवत राहतो, कारण फायदा त्याचा एकट्याचा आणि तोटा सगळ्यांत वाटलेला. शेवटी कुरणच संपतं. उपाय दोनच : सरकारी दंडुका किंवा खाजगी मालकी. हार्डिनचं गणित चोख होतं. फक्त त्याच्या गोष्टीतले गुराखी एकमेकांशी बोलत नाहीत. एवढी साधी गोष्ट त्या वेळी फार थोड्यांना खटकली.

मेनचे गुराखी बोलत होते. गाठी मारून का होईना. ॲचेसन यांना दिसलं की प्रत्येक बंदराची एक टोळी असते. टोळी हा शब्द त्यांचाच. टोळीत शिरायचं तर नुसता परवाना पुरत नाही. गावचा असावं लागतं, घराण्यात कोणीतरी या धंद्यातलं असावं लागतं. हौशी माणसाने सुट्टीपुरते शंभर सापळे टाकले तर ते टिकत नाहीत. काही टोळ्यांच्या हद्दी बंदराच्या तोंडाशी कडक आणि पुढे ढिल्या होत जाणाऱ्या, शेजाऱ्यांच्या हद्दीत मिसळणाऱ्या. काही ठिकाणी, विशेषतः बेटांभोवती, मात्र हद्द शेवटच्या रेषेपर्यंत राखलेली. मग ॲचेसन यांनी दोन्हीकडचा माल मोजला. कडक हद्दीच्या पाण्यात लॉब्स्टर आकाराने मोठे मिळत होते, एका सापळ्यामागे पकड जास्त होती आणि माणसांचं उत्पन्नही जास्त होतं. अशा काही ठिकाणी लोकांनी आपणहून सापळ्यांच्या संख्येवर मर्यादा घालून घेतली होती. सरकारने सांगितलेलं नसताना.

यात रम्य काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. कुंपण म्हटलं की कोणीतरी बाहेर राहतं. २००९ साली मेनच्याच मॅटिनिकस बेटावर हद्दीच्याच वादातून एकाने दुसऱ्यावर गोळी झाडली. जखमी वाचला. गावकीचे नियम गोड असतात ते गावकीत असलेल्यांना, हे महाराष्ट्रात कोणाला वेगळं सांगायला नको.

पण या टोळ्यांनी पाळलेली एक रीत मला या सगळ्या कथेत सर्वांत विलक्षण वाटते. सापळ्यात गाभोळीची मादी आली, पोटाखाली हजारो अंडी चिकटलेली, तर ती विकायला बंदी आहेच. मेनचा मच्छीमार आणखी एक करतो. तिच्या शेपटीच्या एका पाकळीवर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी खाच कापतो आणि तिला पाण्यात सोडतो. पुढच्या वेळी ती कोणाच्याही सापळ्यात सापडली, अंडी असोत की नसोत, खाच दिसली की परत पाण्यात. म्हणजे एकाने केलेली खूण सगळ्यांनी मानायची. कात टाकता टाकता खाच बुजत आली आणि मादी पुन्हा गाभोळीची असली, की खाच नव्याने कापायची.

हिशेब मांडून बघा. हातातला रोकड माल सोडायचा. त्या मादीची पिल्लं काही आठवडे पाण्यात तरंगतात आणि प्रवाहाबरोबर भलतीकडेच जाऊन तळाला बसतात. म्हणजे फायदा आपल्या बंदराला होईलच असंही नाही. हार्डिनच्या गुराख्याने ही मादी केव्हाच खाल्ली असती. मग मेनच्या माणसाने ती का सोडावी? ॲचेसन यांचं उत्तर माणसांच्या बाजूने येतं. होडीवर मालकाबरोबर एखादा मदतनीस असतो, तो बघतो. माल घेणारा व्यापारी बघतो. खाचेचा माल विकणाऱ्याचं नाव धक्क्यावर खराब होतं, आणि त्याच धक्क्यावर त्याला उरलेला जन्म काढायचा असतो.

ही शहाणीव उपजत नव्हती. शंभर वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर चिमुकले लॉब्स्टर सर्रास चोरून विकले जात. १९२० आणि ३० च्या दशकांत पकड इतकी घसरली की धंदाच बुडायची वेळ आली, तेव्हा लोकांची वागणूक बदलली. १९३३ साली दुहेरी मापाचा कायदा आला : पाठीचं कवच ठरावीक मापापेक्षा छोटं असेल तर सोडा, आणि फार मोठं असेल तरीही सोडा. आजची मापं ८३ आणि १२७ मिलिमीटर. छोट्याला सोडायचं कारण सगळ्यांना कळतं. मोठ्याला सोडायचं कारण असं, की लहानखुऱ्या मादीला दहाएक हजार अंडी असतील तर थोराड मादीला लाखभर. सगळ्यात मोठा मासा पकडून फोटो काढायची आपली हौस किती उलटी आहे बघा.

अनेक मत्स्यशास्त्रज्ञांना खाच आणि वरचं माप यांचं फारसं कौतुक नव्हतं. त्यांची आकडेमोड सांगे की पकड मर्यादेबाहेर आहे, धंदा कोसळणार. मच्छीमार सांगत, आमच्या सापळ्यांत खाचेच्या माद्या वाढत चालल्या आहेत. कित्येक दशकं मेनची वार्षिक पकड ९,००० टनांच्या आसपास होती. १९९० नंतर ती वाढायला लागली आणि २०१६ साली सुमारे ६०,००० टनांवर पोचली. कोसळणार म्हणून सांगितलेला धंदा सहा-सातपट झाला.

आता इथे घाई करून मच्छीमार जिंकले असं लिहायचा मोह होतो. पण कारणं गुंतलेली आहेत. लॉब्स्टरची पिल्लं गट्टम करणारा कॉड मासा अतिमासेमारीने जवळपास संपला होता. समुद्र गरम होत होता आणि मेनचं पाणी लॉब्स्टरला मानवेल अशा तापमानाला आलं होतं. शिवाय सापळ्यांत आमिष म्हणून टाकलेले हेरिंग मासे. न्यू हॅम्पशायर विद्यापीठाच्या संशोधकांनी सापळ्यावर कॅमेरा बसवला, तेव्हा आत शिरलेल्यांपैकी ९४ टक्के लॉब्स्टर खाऊन-पिऊन बाहेर पडताना दिसले. सापळा कसला, खानावळच ती!

या गुंत्यातून नियमांचा वाटा वेगळा काढायचा प्रयत्न २०१८ साली झाला. उत्तरेकडे, मेनच्या आखातात, तीस वर्षांत लॉब्स्टर सुमारे सहापट झाले होते. संशोधकांनी संगणकावरच्या प्रतिरूपात खाच आणि वरचं माप काढून टाकलं, तर वाढ साडेतीन पटीच्या आसपासच थांबली. दक्षिणेकडच्या राज्यांत हे नियम इतके पाळले जात नव्हते. तिथे पाणी जास्तच तापलं आणि लॉब्स्टर ७८ टक्क्यांनी घटले. नियम पाळले असते तर घट ५७ टक्के असती, असं गणित सांगतं. नियमांनी समुद्र थंड होत नाही. पण पडझडीचा वेग बदलतो.

मुंबईच्या पाण्यात याची दुसरी बाजू पाहायला मिळते. चपट्या डोक्याची, वाळूत राहणारी शेवंड इथे एकेकाळी होडीमागे ओढायच्या ट्रॉलच्या जाळ्यांत शेकडो टनांनी येत असे. गाभोळीच्या माद्यांसकट येत राहिली. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती जवळपास संपली, आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या कोसळण्याची नोंद करून ठेवली आहे. सापळ्यातली मादी जिवंत परत सोडता येते; तासन्‌तास ओढलेल्या ट्रॉलमधून वर आलेलीचा भरवसा नसतो. मेनमध्ये लॉब्स्टर पकडायला फक्त सापळा चालतो. माणसांच्या शहाणपणात अवजाराचाही वाटा असतो, तो असा.

मेन सरकारने १९९५ साली एक चतुराई केली. टोळ्यांना मोडून काढण्याऐवजी त्यांना अर्धीमुर्धी मान्यता दिली. किनाऱ्याचे सात विभाग पाडले आणि प्रत्येक विभागात मच्छीमारांनी निवडलेली समिती नेमली. सापळे किती, मासेमारीच्या वेळा कोणत्या, नवीन माणसं किती घ्यायची यावर दोन तृतीयांश मतांनी निर्णय. एका माणसाला जास्तीत जास्त ८०० सापळे. परवानाधारकाने स्वतः होडीवर असलंच पाहिजे, त्यामुळे कंपनीला ताफा उभारता येत नाही. नवशिक्याने किमान दोन वर्षं उमेदवारी करायची, एक हजार तासांची नोंदवही भरायची. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातून अशीच उदाहरणं गोळा करून हार्डिनला उत्तर दिलं, आणि २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

आता ती प्रॉस्पेक्ट हार्बरची इमारत. सार्डिन गेले, कॉड गेला, आणि सगळं गाव लॉब्स्टरवर आलं. २०११ साली मेन विद्यापीठाचे सागरी परिसंस्थाशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टेनेक आणि सहकाऱ्यांनी या अवस्थेला सोन्याचा मुलामा दिलेला सापळा म्हटलं. राज्याच्या सागरी उत्पन्नातले ऐंशी टक्क्यांहून जास्त पैसे एका प्राण्यातून येत होते. कर्ज काढून घेतलेली होडी, घर, पोरांचं शिक्षण, सगळं त्याच्यावर. २०१२ च्या उन्हाळ्यात पाणी अवेळी तापलं, लॉब्स्टर लवकर कात टाकून सापळ्यांत आले आणि माल इतका झाला की भावच पडला. २०२१ मध्ये सत्तर कोटी डॉलरहून जास्त उत्पन्न झालं. पुढच्याच वर्षी ते जवळजवळ निम्म्यावर आलं. पकड २०१६ पासून उतरतीला लागली आहे.

२०२३ मध्ये पाहणीत छोट्या लॉब्स्टरांची संख्या ३९ टक्क्यांनी घटलेली आढळली. किनारी राज्यांच्या मासेमारी आयोगाने आधीच ठरवून ठेवलं होतं, की घट ३५ टक्क्यांपलीकडे गेली तर खालचं माप वाढवायचं. किती? एक इंचाचा सोळावा भाग, दीड मिलिमीटरच्या थोडं वर. मच्छीमारांनी साफ नकार दिला. आम्ही सोडलेला माल कॅनडावाले पकडून विकतील, असं त्यांचं म्हणणं. शिवाय आमच्या सापळ्यांत छोटे लॉब्स्टर भरपूर दिसतात, तुमची पाहणी चुकीच्या जागी होते. बैठका तापल्या. २०२५ मध्ये आयोगाने निर्णय मागे घेतला, आणि उपाय काय करायचा ते तुम्हीच सुचवा, असं मच्छीमारांना सांगण्यात आलं. शास्त्रज्ञांना खोटं पाडल्याचा जुना अनुभव त्यांच्या गाठीशी आहे. पण तेव्हा पाणी आजच्याइतकं तापलं नव्हतं, आणि माद्यांच्या शेपटीवरच्या खाचा वाढत होत्या.