इंग्लिश खेड्याभोवतीच्या पायवाटा : ‘अंतिम’ नकाशा आणि त्याची लांबलेली मुदत

इंग्लंडमधल्या कॉट्सवल्ड्स या टेकड्यांच्या प्रदेशातल्या बोर्टन-ऑन-द-वॉटर या गावातून शेजारच्या लोअर स्लॉटरला चालत जायला अर्धा-पाऊण तास लागतो. वाटेत फॉस वे लागतो, मूळचा रोमनांचा आणि आता वाहनांचा. तो ओलांडला की कुरणं, मेंढ्या, एकामागून एक फाटकं आणि शेवटी ओढ्याकाठी विटांच्या धुराड्याची जुनी गिरणी. (स्लॉटरचा कत्तलीशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीतला हा शब्द चिखलाच्या जागेसाठी होता असं मानतात, आणि नोव्हेंबरात तिथे बूट रुतलेल्या माणसाला ते लगेच पटतं.) चढ नाही, दम लागत नाही, सोबत आजी असली तरी चालतं. अशा वाटा जवळपास प्रत्येक इंग्लिश खेड्याभोवती आहेत आणि त्यातल्या बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या खासगी शेतातून जातात. तरी तिकीट नाही, परवानगी नाही. खांबावरचा पिवळा बाण म्हणजे पायी जाण्याचा हक्क. निळा असेल तर घोडा आणि सायकलही चालते.

या वाटा फिरायला म्हणून कुणी पाडलेल्या नाहीत. चर्चला, गिरणीवर, शेतावर, शेजारच्या गावच्या बाजाराला जाता-येता त्या पडल्या. लेक डिस्ट्रिक्ट या डोंगर-तळ्यांच्या भागात रायडलहून ग्रासमिअरला जाणाऱ्या वाटेवरून प्रेतं चर्चच्या दफनभूमीत नेली जात; शवपेटी खांद्यावरून उतरवून टेकवायचा दगड तिथे अजून आहे. आता त्याच्यावर लोक सँडविच खातात.

पुढे शेतजमिनींना कुंपणं पडली. १६०४ ते १९१४ या काळात संसदेने गावची सामाईक जमीन कुंपण घालून खासगी करणारे पाच हजारांहून अधिक कुंपण-कायदे केले आणि इंग्लंडच्या एकूण जमिनीपैकी पाचव्या हिश्श्याहून थोडी जास्त जमीन त्यांत आली. बऱ्याच जुन्या वाटा तेव्हा सरळ केल्या गेल्या, बऱ्याच पुसल्या गेल्या. १८१५च्या कायद्याने तर दोन दंडाधिकाऱ्यांनी एखादी पायवाट ‘अनावश्यक’ ठरवली की ती बंद करता येऊ लागली. दंडाधिकारी बहुधा गावचे जमीनदारच असत, त्यामुळे एक सही आपली आणि दुसरी जेवणाच्या टेबलावरच्या शेजाऱ्याची, असा मामला. पायवाटा वाचवणाऱ्या पहिल्या मंडळ्या १८२०च्या दशकात निघाल्या त्या याच रागातून.

१९३२ साल आलं की सगळ्यांना किंडर स्काउट हा डोंगर आठवतो: २४ एप्रिलला शेकडो कामगार तरुण शिकारीसाठी राखलेल्या माळावर घुसले आणि त्यांतले पाच जण तुरुंगात गेले. प्रसंग मोठाच, पण तो मोकळ्या माळावर हवं तिथे हिंडण्याच्या हक्काचा होता, गावकुसाजवळच्या वाटेचा नव्हे. वाटेसाठी त्याच वर्षी संसदेत झालेला एक रूक्ष कायदा जास्त महत्त्वाचा. लोक एखाद्या वाटेने वीस वर्षं उघडपणे, बिनअडथळा आणि आपला हक्क समजून जात असतील, तर मालकाने ती वाट लोकांना दिली असं धरायचं, असं त्याने सांगितलं. तशी मनीषा नव्हती हे दाखवायची जबाबदारी मालकावर. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे तहसील कचेरीतल्या रस्त्याच्या दाव्यात ‘पूर्वापार वहिवाट’ हे शब्द येतातच, आणि १८८२च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यातही वीस वर्षांचीच अट आहे. फरक इतकाच की आपली वहिवाट बहुधा एका शेतकऱ्याची असते. तिथली वाट कुणाचीही, आज सकाळी गाडीतून उतरलेल्या परक्याचीसुद्धा.

खरी गुंतागुंत १९४९च्या कायद्यापासून सुरू होते. राष्ट्रीय उद्यानांसाठी लोकांना तो माहीत आहे. त्यातच प्रत्येक काउंटीने आपल्या हद्दीतल्या सार्वजनिक वाटांचा नकाशा करावा असा हुकूम होता. नकाशाला विशेषण लावलं ते ‘डेफिनिटिव्ह’, म्हणजे अंतिम, निर्णायक. या एका विशेषणाने पंचाहत्तर वर्षं वकिलांना काम दिलं आहे.

मोजणी कुणी करायची? खालून वर, म्हणजे पॅरिशने (आपल्या ग्रामपंचायतीसारखी सगळ्यांत खालची पायरी). गावसभा भरवायची, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारायचं, मग कुणी शाळामास्तर, कुणी निवृत्त माणूस बूट घालून निघायचा आणि एकेका वाटेला क्रमांक देऊन नोंदवायचा: इथून निघते, तिथे पोचते, दोन फाटकं, एक स्टाइल मोडकी. (स्टाइल म्हणजे कुंपण ओलांडायची लाकडी किंवा दगडी पायरी. माणूस चढून जातो, मेंढी अडते.) काही गावांनी हे काम जीव ओतून केलं, काहींनी एका संध्याकाळीत उरकलं. काही पॅरिश कौन्सिलांत बसणारे शेतकरीच त्या वाटांचे जमीनमालक होते, आणि आपल्या अंगणातून जाणारी वाट सभेत आठवणार कुणाला? बैलगाड्यांचे जुने रस्तेही ‘पायवाट’ म्हणून लिहिले गेले. म्हणून आजही नकाशावर असं दिसतं की एका गावाच्या हद्दीपर्यंत घोडेवाट ऐटीत येते आणि हद्द ओलांडताच पायवाट होते. कुठे कुठे तर शेताच्या मधोमध संपते. घोडेस्वाराने तिथे उतरून घोडा पाठुंगळी घ्यायचा की काय, हे कायदा सांगत नाही.

त्यात कच्चा नकाशा, त्यावर हरकती, मग तात्पुरता नकाशा, मालकांची अपिलं, मग अंतिम. तीन वर्षांत व्हायचं काम काही काउंट्यांत १९७०च्या दशकापर्यंत रेंगाळलं. लंडनच्या मध्यवर्ती भागाला तर या नकाशातून सूटच होती.

आता ‘अंतिम’ या शब्दाचा अर्थ. नकाशावर जी वाट आहे, ती आहेच. तो कायद्याने निर्णायक पुरावा. जी नकाशावर नाही, ती नाही असं मात्र तो म्हणत नाही. एकदा सार्वजनिक झालेली वाट कायम सार्वजनिक, हे इंग्रजी कायद्याचं जुनं सूत्र आहे. नुसती वापरातून गेली म्हणून ती मरत नाही. म्हणजे झुडपांत बुडालेली, दीडशे वर्षांत कुणी न तुडवलेली वाटही कागदपत्रांवरून सिद्ध झाली तर नकाशावर चढते. १९८१च्या कायद्याने ही दुरुस्ती सततची केली: पुरावा आणा, अर्ज करा. १९९०मध्ये अपील न्यायालयाने उलटही मान्य केलं. नोंदच चुकीची होती हे सिद्ध झालं तर वाट खालच्या दर्जाला नेता येते किंवा काढूनही टाकता येते. अशा नकाशाला अंतिम म्हणायला इंग्रजी विनोदबुद्धीच हवी.

पुरावा कुठून येतो ते पाहण्यासारखं आहे. ज्या कुंपण-निवाड्यांनी गावची सामाईक जमीन गेली, त्यांच्याच नकाशांत त्या वेळी राखलेल्या वाटा रुंदीसकट आखलेल्या असतात. त्याहून मजेशीर १९१०ची करमोजणी. जमिनीच्या वाढीव किमतीवर कर बसणार होता आणि शेतातून सार्वजनिक वाट जात असेल तर मालकाला सवलत होती. तेव्हा पैसे वाचवायला अनेकांनी वाट आहे असं लिहून दिलं. कर पुढे १९२०मध्ये रद्द झाला, कागद उरले. अभिलेखागारात ते नकाशे उघडले की प्रत्येक मालमत्तेची हद्द रंगाने आखलेली दिसते आणि मधून काही पट्टे कोरे, पांढरे जातात. कुणाच्याच मालमत्तेत न धरलेले. शंभर वर्षांनी तो कोरा पट्टा जुन्या सार्वजनिक रस्त्याचा साक्षीदार म्हणून उभा राहतो.

जमीनमालकांच्या संघटनेला हे कधीच रुचलं नाही, आणि त्यांचं म्हणणं अगदीच गैर नाही. शेत विकत घेतलं, गोठा बांधला, आणि पंधरा वर्षांनी कुणी जुना नकाशा घेऊन दारात उभा. म्हणून २०००च्या कायद्यात देवघेव झाली. चालणाऱ्यांना माळरानांवर मोकळं हिंडण्याचा हक्क मिळाला, आणि बदल्यात एक तारीख आली: १ जानेवारी २०२६. १९४९पूर्वीच्या ज्या पायवाटा आणि घोडेवाटा तोवर नकाशावर नसतील, त्यांच्यावरचा हक्क, काही अपवाद वगळता, संपणार. कायम सार्वजनिक हे सूत्र पहिल्यांदाच घड्याळाला बांधलं गेलं.

पंचवीस वर्षं पुरेशी वाटली होती. पण नोंदणी सोपी करायची सरकारी वचनं रेंगाळली, काउंट्यांकडे माणसं नव्हती, अर्ज साचले. २०२०मध्ये स्वयंसेवकांनी घरबसल्या जुने आणि नवे नकाशे ताडून पाहिले, तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये ४९,००० मैलांहून अधिक संभाव्य हरवलेल्या वाटा निघाल्या. नोंदलेलं जाळं आहे सुमारे १,४०,००० मैलांचं. फेब्रुवारी २०२२मध्ये सरकारने मुदतच रद्द करणार असं जाहीर केलं. साधारण वर्षभराने तेच सरकार फिरलं आणि २०३१ ही नवी तारीख आली. डिसेंबर २०२४मध्ये, आता दुसऱ्या पक्षाच्या सरकारने, तीही काढून टाकण्याची घोषणा केली. दोन वर्षं दहा महिन्यांत तीन निर्णय. यात मालकांनाही हवी ती निश्चिती मिळाली नाही, हे चालणाऱ्यांची बाजू घेणाऱ्यानेही मान्य करावं.

नकाशावर असलेल्या वाटेचंही सगळं सुरळीत होतं असं नाही. मधल्या काळात शेतकरी नांगरून वाट बुजवत, आणि तक्रार करणाऱ्याला ‘बैल मोकळा आहे’ एवढं सांगणं पुरे. १९८१पासून नामांकित दुधाळ जातीचा दहा महिन्यांवरचा बैल वाटेच्या शेतात सोडायला बंदी आहे. इतर जातींचा, गायींसोबत असला तर चालतो. समोरच्याची जात ओळखायची जबाबदारी अर्थात तुमची. १९९०च्या कायद्यामुळे शेताच्या मधून जाणारी पायवाट नांगरली तर चौदा दिवसांत निदान एक मीटर रुंद पुन्हा करून द्यावी लागते. जूनमध्ये कमरेएवढ्या गव्हातून जो सरळ भांग पाडलेला दिसतो तो याचा. २००१मध्ये लाळ्या-खुरकुताच्या साथीत देशभरच्या वाटा बंद झाल्या, तेव्हा गावातले पब आणि राहण्याच्या खोल्या ओस पडल्या. फिरायला येणाऱ्यांवर खेडं किती जगतं, हे जनावरांच्या आजाराने दाखवलं.

अर्ज मात्र साचलेलेच आहेत. वापराच्या आधारावर वाट मागायची तर प्रत्येक साक्षीदार एक फॉर्म भरतो: कोणत्या सालापासून गेलात, वर्षातून किती वेळा, पायी की घोड्यावर, कुणी कधी अडवलं का, फाटक होतं का, त्याला कुलूप होतं का. सोबतच्या नकाशावर आपल्या हाताने रेघ ओढून सही करायची. निकाल लागायला इतकी वर्षं जातात की सुनावणीत ती रेघ कधी कधी मुलाला नाहीतर शेजाऱ्याला समजावून सांगावी लागते.