सारंगखेडा : घोडेबाजार व शर्यती

सारंगखेडा हे नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील तापीकाठचे गाव. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीस, येथे एकमुखी दत्ताची यात्रा सुरू होते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार भरतो. चाल, नाच आणि वेग यांच्या स्पर्धा बाजाराच्याच पोटात वाढल्या. अलीकडे या काळातील कार्यक्रम ‘चेतक फेस्टिव्हल’ या नावाने होतात. सुरत-भुसावळ मार्गावरील दोंडाईचा स्थानकावर उतरून शहादा रस्त्याने येणे सोयीचे.

बाजाराची परंपरा तीनशे वर्षांहून जुनी असल्याचे सर्रास सांगितले जाते. काहीजण ती शिवकाळापर्यंत नेतात. ही मौखिक परंपरा आहे आणि तिचा तेवढाच आधार घ्यावा. त्यापेक्षा व्यापारी मार्गाचा पुरावा अधिक भरवशाचा वाटतो. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने दिलेला सुरत-बुऱ्हाणपूर रस्ता नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा तापी खोऱ्यातूनच जातो. लष्कराची व तांड्यांची जेथे सतत ये-जा, तेथे जनावरांचा बाजार भरणे स्वाभाविक होते. मात्र त्यावरून आजच्या बाजाराचे नेमके आरंभवर्ष काढता येत नाही.

शर्यत पाहणाऱ्याने आधी चाल ओळखायला शिकावे. येथील दर्दी प्रेक्षक वेगापेक्षा रवाल चालीला दाद देतो. रवालीत एका बाजूचे पुढचे व मागचे पाय जवळजवळ एकदमच उचलले जातात. दुडकीत तिरके पाय जोडीने पडतात, त्यामुळे स्वाराला हिसके बसतात. रवालीत तो खोगिरावर जवळपास स्थिर राहतो. लांब पल्ल्याच्या सवारीला अशा चालीचा घोडा हवा असे. चालीच्या स्पर्धेत घोडा मध्येच चौखूर सुटला तर ‘चाल मोडली’ म्हणतात. म्हणून नजर घोड्याच्या तोंडावर नको, खुरांवर हवी. पुणे-मुंबईच्या रेसकोर्सवर थरोब्रेड (शर्यतीसाठी पैदास केलेल्या वाणाच्या) घोड्यांचा वेग पाहायची सवय असलेल्याला हे थोडे जड जाते, पण एकदा कळले की डोळा हटत नाही.

मारवाडी आणि काठेवाडी हे येथील मानाचे वाण. कानांची टोके आत वळून एकमेकांना टेकणे ही त्यांची खूण. ‘नुकरा’ हा स्वतंत्र वाण म्हणून सांगितला जातो. तो वस्तुतः रंग आहे, गुलाबी कातडीवर पांढरे केस. अबलख (अंगावर पांढरे व गडद पट्टे असलेला) आणि पंचकल्याणी (चारही पाय व तोंडावर पांढरे असलेला) हेही रंगखुणांवरूनच. गळ्यावरील ‘देवमण’ भोवरा शुभ मानतात आणि किंमत त्यावरही ठरते. उंची इंचांत, मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यापर्यंत मोजतात. वय दातांवरून काढतात : दुधाचे मधले दात साधारण अडीच वर्षांनी बदलतात, शेजारचे साडेतीन, कडेचे साडेचार वर्षांनी.

घोडा विकत घ्यायचा असल्यास ग्लँडर्स रोगाच्या रक्ततपासणीचा दाखला पाहावाच. हा रोग माणसालाही होतो. शर्यतीवर पैज लावू नये. महाराष्ट्रात अशी मुभा १९१२ च्या रेसकोर्स परवाना कायद्याखालील परवानाधारक मैदानांपुरतीच आहे.