दशमुळी : पुण्यातील वनस्पतिसंग्रहांतील नोंदी

दशमुळी (शास्त्रीय नाव : एरँथेमम रोझियम, कुल : ॲकँथेसी) हे सह्याद्रीच्या पानझडी व निमसदाहरित जंगलांतील झुडूप. प्रसार भारताच्या पश्चिम भागापुरता. थंडीत फुलू लागते आणि वसंताच्या तोंडापर्यंत बहर टिकतो. सिंहगड, मुळशी, लोणावळा, भीमाशंकर या भागांतील रानवाटांवर ती सर्वांच्या ओळखीची आहे. मूळ श्वेतप्रदरावर गावठी औषध म्हणून वापरतात. आयुर्वेदातील दशमुळांत मात्र तिचा समावेश नाही.

या वनस्पतीच्या जुन्या नोंदी वाचताना खरी अडचण नावाची येते. वनस्पतिशास्त्रज्ञ व्हाल यांनी १८०४ च्या सुमारास तिचे वर्णन जस्टिशिया या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) केले. रॉबर्ट ब्राउन यांनी १८१० मध्ये ती एरँथेमममध्ये हलवली. पुढे टॉमस अँडरसन यांनी या गटासाठी डीडॅलॅकँथस ही प्रजाती मांडली. एरँथेमम हे नाव तेव्हा भलत्याच वनस्पतींना लावले जाऊ लागले होते. त्या वनस्पती राडल्कोफर यांनी १८८३ च्या सुमारास स्यूडेरँथेमम म्हणून वेगळ्या काढल्या. लिनीअस यांची एरँथेममची मूळ जाती ‘केपेन्से’, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील केपची, म्हणून नोंदली गेली असली तरी ती दक्षिण भारत व श्रीलंका येथील आहे. या घोळाचा वाटाही लहान नसावा. सध्या ब्राउन यांचेच नाव ग्राह्य मानतात आणि तेच योग्य दिसते. पण क्लार्क यांनी ब्रिटिश भारताच्या वनस्पतिकोशात आणि थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या ग्रंथात (१९०१–०८) डीडॅलॅकँथस हेच नाव वापरले. त्यामुळे त्या काळातील वाळवलेल्या नमुन्याच्या चिठ्ठीवर ‘एरँथेमम’ दिसले की ती दशमुळीच, असे धरून चालता येत नाही. नमुना स्वतः पाहावा लागतो.

कुक पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांच्या ग्रंथात संग्राहकाच्या नावापुढे उद्गारचिन्ह असेल, तर तो नमुना त्यांनी स्वतः पाहिलेला असतो. स्थळनामांपुढे वुड्रो, कानिटकर, भिवा, गराडे ही नावे पुन्हापुन्हा येतात. यांतील भिवा, गराडे अशा एतद्देशीय संग्राहकांचे श्रम या एका शब्दाच्या उल्लेखापलीकडे फारसे नोंदले गेले नाहीत, याची खंत वाटते.

आज पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचा (स्थापना १९५५) आणि आघारकर संशोधन संस्थेचा असे दोन प्रमुख संग्रह आहेत. नमुना टिपकागदांत दाबून वाळवायचा, बुरशी व किडीपासून जपण्यासाठी पाऱ्याच्या क्लोराइडाच्या अल्कोहोलमधील द्रावणात बुडवायचा आणि सुमारे ४२ × २८ सेंमी. जाड कागदावर चिकटवायचा, ही जुनी रीत. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात खाली चिठ्ठी असते : नाव, स्थळ, उंची, तारीख, संग्राहक व त्याचा क्रमांक.

दशमुळीच्या बाबतीत या चिठ्ठीचे मोल विशेष आहे. कणिशातील (फुलोऱ्यातील) पांढुरकी, हिरव्या शिरांची छदे (फुलांखालची पानांसारखी आवरणे) वाळल्यावरही ओळखता येतात. फुलाच्या नळीचा बारीकपणा आणि दोन पुंकेसरही टिकतात. रंग मात्र राहत नाही. फूल उमलताना गडद निळे असते आणि सुकत जाताना तांबूस-गुलाबी होते. ‘रोझियम’ हे जातिनाम सुकलेल्या फुलावरून पडले असावे, हा तर्क त्यामुळे पटण्याजोगा आहे. संग्राहकाने ताज्या फुलाचा रंग जागीच लिहिला नसेल, तर कागदावरून तो पुन्हा मिळत नाही.

बहराच्या तारखांबाबतही सावधगिरी हवी. वनस्पती गोळा करणाऱ्यांच्या फेऱ्या बहुधा पावसाळ्यात व त्यानंतर लगेच होतात. तेव्हा माघ-फाल्गुनातील नमुने कमी भरले, तर त्याचा अर्थ तेव्हा फुले नव्हती असा नाही. एखाद्या टेकडीची चिठ्ठी नाही म्हणून तिथे दशमुळी नव्हती, असेही म्हणता येत नाही. बहर लवकर येऊ लागला की काय, हे जुन्या तारखांवरून ठरवू पाहणाऱ्यांनी ही बाब आधी विचारात घ्यावी.

भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या संग्रहांतील अनेक नमुन्यांची छायाचित्रे आता ‘इंडियन व्हर्च्युअल हर्बेरियम’ या संकेतस्थळावर पाहता येतात. तिथे शोध एरँथेमम आणि डीडॅलॅकँथस या दोन्ही नावांनी घ्यावा.