फ्रेममधला सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद पिक्सेल : एका साध्या प्रश्नाची पार्श्वभूमी
कंपोझिटिंग, म्हणजे वेगवेगळ्या प्रतिमा एकत्र जोडून एक फ्रेम तयार करणे, शिकू लागलेल्या प्रत्येकाचा असा समज असतो की, फ्रेममधले कमाल आणि किमान मूल्य सॉफ्टवेअरला ठाऊक असणारच, कारण सगळे पिक्सेल त्याच्याच हाती आहेत. प्रत्यक्षात न्यूकसारख्या नोडवर (एकेक काम करणाऱ्या, एकमेकांना जोडलेल्या घटकांवर) चालणाऱ्या कंपोझिटिंग सॉफ्टवेअरमध्ये हे आकडे आडवाटेने काढावे लागतात, आणि त्याचे मूळ या सॉफ्टवेअरच्या घडणीत आहे.

थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी 1984 साली अल्फा वाहिनीचे (पिक्सेल किती अपारदर्शक आहे ते सांगणाऱ्या आकड्यांचे) गणित मांडले, तेव्हापासून कंपोझिटिंगचा पाया एकेका पिक्सेलचा हिशेब हाच राहिला. ‘ओव्हर’ करताना, म्हणजे एक प्रतिमा दुसरीवर ठेवताना, कुठल्याही पिक्सेलला शेजारच्याची चौकशी करावी लागत नाही. डिजिटल डोमेन या स्टुडिओत 1993 साली आकाराला आलेले न्यूक (2007 पासून ते फाउंड्रीकडे आहे) याच विचाराने चालते : शेवटचा नोड आपल्या आधीच्या नोडकडे लागतील तेवढ्याच आडव्या ओळी मागतो, आणि ही मागणी एकेका नोडमागे सरकत जाते. त्यामुळे संगणकाची मेमरी कमी लागते. पण कमाल मूल्य सांगायचे तर 1920 × 1080 च्या फ्रेममधले सगळे 20,73,600 पिक्सेल पाहून झाल्याशिवाय पहिल्या ओळीचेही उत्तर देता येत नाही.

त्या काळात याची फारशी अडचण झाली नाही, कारण मर्यादा आधीच ठरलेल्या असत. फिल्म स्कॅन करून साठवण्याच्या कोडॅकच्या सिनिऑन पद्धतीत 10 बिटांच्या 0 ते 1023 या पट्टीवर 95 म्हणजे काळा आणि 685 म्हणजे पांढरा, असा संकेत होता. ओपनईएक्सआर हे प्रतिमा साठवण्याचे फाइल-स्वरूप 2003 साली सर्वांना खुले झाले आणि चित्र बदलले. त्यातल्या 16 बिटांच्या फ्लोटमध्ये (दशांश संख्यांच्या स्वरूपात) मूल्य 65504 पर्यंत चढू शकते, शून्याखालीही उतरते. शिवाय त्याच फाइलमध्ये डेप्थही येते, जिचा आकडा कॅमेऱ्यापासूनचे अंतर असतो. डेप्थला कमाल किती, हे कोणताही संकेत सांगू शकत नाही. ते शोधावेच लागते.

न्यूकमधला कर्व्हटूल हा नोड फ्रेममागून फ्रेम तपासून सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद पिक्सेलची जागा व मूल्य ॲनिमेशन कर्व्हमध्ये (फ्रेमनुसार बदलणाऱ्या आकड्यांच्या आलेखात) नोंदवून ठेवतो. मात्र ही नोंद त्या क्षणाची असते. त्याच्या आधीच्या एखाद्या ग्रेडमध्ये (रंग आणि उजळपणा बदलणाऱ्या नोडमध्ये) बदल केला, तरी कर्व्ह जुनाच आकडा दाखवत राहतो. (हे विसरून मी स्वतः एक अख्खी दुपार घालवली आहे.) मिनकलर हा नोड, नावाप्रमाणे, फक्त किमानाच्या बाजूने विचार करतो. म्हणून स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी सोपी युक्ती काढली : प्रतिमा आधी उलटवायची, म्हणजे प्रत्येक मूल्य 1 मधून वजा करायचे, मग किमान शोधायचे. सर्वांत उजळ पिक्सेल 7.5 असेल तर उलटल्यावर तो −6.5 होतो, तेच किमान ठरते, आणि 1 मधून ते वजा केले की 7.5 परत हाती येतो. काहीही नोंदवून न ठेवता उत्तर हवे असेल, तर उजळ भाग आजूबाजूला पसरवणाऱ्या डायलेट नोडचा आकार फ्रेमएवढा वाढवतात. सर्वांत मोठे मूल्य पसरत पसरत सगळी फ्रेम व्यापते आणि मग कुठलाही पिक्सेल वाचला तरी चालतो. प्रतिमा 1 × 1 इतकी लहान करण्याचा सल्लाही दिला जातो, पण त्यातून मिळते ती सरासरी. तिला कमाल समजणे चूकच.

ब्लेंडर या मोफत त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये 2006 साली कंपोझिटिंगचे नोड आले. तिथला नॉर्मलाइझ नोड किमान आणि कमाल स्वतः शोधून सगळी मूल्ये 0 ते 1 मध्ये बसवतो, पण हे आकडे वापरणाऱ्याच्या हाती देत नाही. शोधताना तो 10000 च्या पलीकडची मूल्ये विचारात घेत नाही. डेप्थमध्ये रिकाम्या आकाशाच्या जागी प्रचंड मोठा आकडा भरलेला असतो. तोच कमाल धरला गेला असता, तर समोरचे घर, झाड, माणूस सगळे शून्याजवळ चिकटून काळेच दिसले असते.